दोन बोटे खाली

रसमिया अंगणाच्या पायरीवर बसून हिरवे ऑलिव्ह ठेचत होती. डाव्या हाताने फळ धरायचे आणि उजव्या हातातल्या गोट्याने असा बेताचा टोला द्यायचा, की साल फुटावी पण आतली बी फुटू नये. मग फळे पाण्यात टाकायची आणि रोज पाणी बदलत राहायचे, तेव्हा कुठे आठवड्याभराने कडूपणा उतरतो. ऑक्टोबरात कफर रीहा गावात असे एकही घर नव्हते, जिथे बायकांचे हात या कामाने काळे पडलेले नसत.

फाटक वाजले आणि तिचा नवरा मुफ्लिह हत्यारांची पेटी घेऊन आत आला. आज स्वारीला स्वर्ग दोन बोटेच उरला होता.

"उम्म यझन, चहा टाक! फक्कड झाला पाहिजे. आज तंटा मिटला." थोरला मुलगा यझन आखातात नोकरीला होता आणि त्याच्याच नावावरून सारे गाव या दोघांना अबू यझन, म्हणजे यझनचा बाप, आणि उम्म यझन, म्हणजे यझनची आई, म्हणत असे.

"कुठला तंटा? तुमचे रोज दहा असतात."

"हाजी शुक्रीचा. त्याच्या सगळ्या कोस्टरांना कॅमेरे बसवायचं काम मला मिळालं. सगळ्या म्हणजे सगळ्या!"

रसमियाने गोटा खाली ठेवला. मुफ्लिहचे इर्बिद शहरात गाड्यांचे रेडिओ, भोंगे, दिवे दुरुस्त करायचे छोटे दुकान होते. प्रवासी गाड्यांत मुलीबाळींना त्रास होतो, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा प्रत्येक गाडीत कॅमेरा हवाच, असा नवा नियम निघाला आणि ते बसवण्याचा परवाना मुफ्लिहने धडपडून मिळवला होता. पण कफर रीहा ते इर्बिद या मार्गावर धावणाऱ्या छोट्या बसगाड्या, म्हणजे कोस्टर, बहुतेक हाजी शुक्रीच्या मालकीच्या, आणि हाजी महिनाभर अडून बसला होता.

"काल तर म्हणत होता, माझ्या गाडीला हात लावलास तर हात मोडीन," रसमिया म्हणाली.

"त्याची अडचण काय होती, माहितीये? म्हणे, आमच्या लेकीसुना गाडीत बसतात, त्यांची चित्रं पडद्यावर कशाला? ऑफिसात कोण टवाळ पोरगा बसून बघणार, कुणाला ठाऊक! मी म्हटलं, हाजी, एवढंच ना? कॅमेरा दोन बोटं खाली करतो. ड्रायव्हर दिसेल, दार दिसेल, मधली वाट दिसेल. बायकांची बाकं दिसणार नाहीत. सगळे खूश! सापही मेला, काठीही मोडली नाही."

"कॅमेरे कशासाठी बसवायचे होते, अबू यझन?"

"म्हणजे काय, नियमच आहे."

"मुलींना त्रास होतो म्हणून ना? मग मुलीच दिसणार नसतील, तर तो कॅमेरा काय ड्रायव्हरच्या टकलावरचे केस मोजणार?"

मुफ्लिह खो खो हसला. "तू वकीलच व्हायचीस. माझं नशीब म्हणून ऑलिव्ह ठेचत बसलीयेस." तीही हसली आणि चहा टाकायला उठली. आपण तेव्हा हसलो, याचाच तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

हाजीची काळजी अगदीच खोटी नव्हती. पोरीबाळींची चित्रे भलत्याच्या हातात पडू नयेत, असे कुणाला वाटणार नाही? पण ती काळजी करायला हाजीच्या ऑफिसात चहा पीत बसलेल्यांत एकही बाई नव्हती. गाडीत बसायचे बायकांनी आणि त्यांनी दिसावे की नाही, हे ठरवायचे मात्र पुरुषांनी. पुन्हा वर याला नाव अब्रूचे.

मुफ्लिहची धाकटी मुलगी तमादुर इर्बिदला औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज कोस्टरनेच जाई-येई. या गाड्यांत एक रीत आहे. परक्या पुरुषाशेजारी बाईला बसू द्यायचे नाही. बाई चढली की कंडक्टर पुरुषांना उठवतो, इकडचा तिकडे करतो, तिला दुसऱ्या बाईशेजारी जागा करून देतो. या मार्गावरचा कंडक्टर कुतैबा, हाजी शुक्रीचा पुतण्या, या कामात मोठा तरबेज. "ए भाऊ, ऊठ, बहिणीला बसू दे! काका, तुम्ही पुढे या!" असा त्याचा आवाज गाडीभर फिरे. गावातले बाप म्हणत, कुतैबाच्या गाडीत लेक बसवली की घरी डोळे मिटून झोपावे. शेजारच्या उम्म हमदानची मुलगी त्याच गाडीने कॉलेजात जात असे. गेल्या वर्षी एकाएकी तिचे डोके दुखायला लागले आणि कॉलेज सुटले. कसले डोके, कसले दुखणे, हे कुणी विचारले नाही.

कॅमेरे बसल्यानंतर काही आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी तमादुर घरी आली. दप्तर न काढताच ती ऑलिव्हच्या नव्या खेपेच्या घमेल्यापाशी बसली आणि कुणी न सांगता पाणी बदलू लागली. मुलीने आपणहून घरकामाला हात लावला, तेव्हाच रसमियाच्या मनात पाल चुकचुकली.

"काय झालं ग?"

"यम्मा, मी आज कुतैबाला भर गाडीत ओरडून सांगितलं, हात काढ म्हणून."

रसमियाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"भाडं घ्यायला वाकतो आणि वाकताना... कळतंय ना तुला? गेला महिनाभर चाललंय. मी जागा बदलून पाहिली. बॅग मध्ये ठेवून पाहिली. हिजाबाची टाचणी हातात धरून बसले. आज उभी राहिले आणि ओरडले."

"मग?"

"मग काय! ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला."

"अग, पण गाडीत माणसं होती की नाही?"

"खच्चून भरली होती. एक काका म्हणाले, 'मुली, आवाज खाली कर, तुझ्याच अब्रूचा प्रश्न आहे.' शेजारी एक बाई होती, जांभळी शाल घेतलेली. तिनं माझा हात दाबला. नुसता दाबला, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कुतैबा सगळ्यांना म्हणतोय, 'बघा बुवा, आम्ही बहीण बहीण म्हणून जागा करून द्यायची आणि या असं करतात!' मी पोलीस चौकीपाशी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि तक्रार देऊन आले."

"चौकीत जाताना कुणी पाहिलं तुला?"

शब्द तोंडातून गेले आणि रसमियाला स्वतःचेच तोंड फोडून घ्यावेसे वाटले. पोरीने एवढे सांगितले, आणि आईला पहिला प्रश्न हा सुचला!

"यम्मा, तूसुद्धा?"

"नाही ग माझी बाय, नाही. जीभ मेली सवयीची गुलाम आहे." तिने मुलीला जवळ ओढले. तमादुर रडत नव्हती, उलट तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होते.

"मला भीती नाही वाटली. गाडीत कॅमेरा आहे ना! यबानंच बसवलाय. आता सगळं दिसेल. आता कुणी म्हणणार नाही पुरावा कुठाय."

तो कॅमेरा कुठे बघतो, ते रसमियाला ठाऊक होते. सांगावे तरी पंचाईत, न सांगावे तरी पंचाईत. तिने घमेले उचलून पाणी मोरीत ओतले आणि नवे भरले.

शनिवारी तिघेही चौकीत गेली. अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. त्याने रसमियाला खुर्ची दिली, तमादुरला पाणी दिले. मग पडदा त्यांच्याकडे फिरवून चित्रण लावले. ड्रायव्हरची मान आणि टक्कल दिसले. दार दिसले. मधली वाट आणि वाटेच्या कडेला बुटांची रांग दिसली. बस्स. ड्रायव्हर सोडला तर घोट्याच्या वर कुणीच नव्हते.

"हे माझे," तमादुर म्हणाली. पांढरे कापडी बूट, एकाची लेस निळी. तिने पडद्यावर बोट ठेवले. काळे बूट वाटेतून पुढे आले आणि पांढऱ्या बुटांपाशी थांबले. थांबूनच राहिले. मग पांढरे बूट एकदम सरळ झाले, मागे सरकले. काळे बूट वळले आणि दाराकडे गेले. आवाजाची सोय त्या यंत्रात नव्हती.

"पुन्हा लावा," तमादुर म्हणाली. त्याने पुन्हा लावले. पुन्हा बूटच.

"मुली, तुझ्यावर माझा विश्वास नाही असं समजू नकोस," अधिकारी म्हणाला. "पण एवढ्या बुटांवरून मी कुणाला कोर्टात उभं करू? आणि गाडीतला एकही माणूस साक्ष द्यायला तयार नाही. सगळे म्हणतात, डोळा लागला होता." मग तो मुफ्लिहकडे वळला. "कॅमेरा तुम्हीच बसवला ना? हा असा खाली कसा?"

मुफ्लिहने घसा साफ केला. "रस्त्याला खड्डे फार. धक्क्यानं सरकला असेल."

रसमियाने नवऱ्याकडे पाहिले. मुफ्लिह भिंतीकडे बघत होता.

परतताना मुफ्लिह दुकानाची गाडी चालवत होता. गाव जवळ आले तेव्हा तमादुरने मागच्या सीटवरून विचारले, "यबा, सगळ्याच गाड्यांतले कॅमेरे सरकलेत का?" मुफ्लिहने गाडीचा वेग वाढवला. ती समजायचे ते समजली. त्यानंतर तिने बापाशी बोलणे टाकले.

त्या संध्याकाळी रसमियाने स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठले. "धक्क्यानं सरकला?"

"मग काय सांगू? मीच वाकवला म्हणून सांगू? परवाना जाईल. दुकान बंद पडेल."

"पोरगी खोटी पडली, त्याचं काय?"

"मला काय ठाऊक होतं, आपलीच..." तो मध्येच थांबला.

"म्हणजे दुसऱ्याची असती तर चाललं असतं!" रसमियाचा आवाज चढला. "उम्म हमदानची पोरगी घरी बसली तेव्हा आपण दोघांनी काय केलं? तिला लिंबाचं सरबत नेऊन दिलं!"

मुफ्लिह खाली मान घालून बसला. रसमियाच्या जिवाची नुसती तगमग होत होती. नवरा दुष्ट असता तर भांडायला तरी बरे पडले असते. हा कुणाला दुखवायचे नाही म्हणून जगणारा माणूस, आणि अशा माणसांच्या भिडेखातरच इथल्या पोरींचे वाटोळे होते.

दोन दिवसांनी मुफ्लिहचा मोठा भाऊ, अबू राकान, आला. घराण्यात शेवटचा शब्द त्याचा असे.

"हाजी शुक्रीकडची माणसं शुक्रवारी जाहा घेऊन येतायत," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. जाहा म्हणजे दहा गावच्या वजनदार माणसांची मिरवणूकच. ती दारी आली की भल्याभल्यांची खुनाची वैरेसुद्धा मिटतात. "मी हो म्हटलंय. मोठा मान आहे हा. आपण तक्रार मागे घ्यायची, गैरसमज झाला म्हणायचं. ते कुतैबाला दुसऱ्या मार्गावर टाकतील. तमादुरनं थोडे दिवस घरात बसावं. कॉलेज काय पळून जातंय?"

"दुसऱ्या मार्गावर म्हणजे दुसऱ्या गावच्या मुलींकडे ना, काका?" तमादुर दारात उभी होती.

"तू मोठ्यांच्या बोलण्यात पडू नको."

"बोलणं माझ्याबद्दल चाललंय."

"हे बघ पोरी, तो कॅमेरा बायकांकडे फिरवला असता तर तुम्हीच उद्या बोंबलला असतात, आमची चित्रं कोण बघतो म्हणून!"

"मग चित्रं कुणी बघायची, कुठं ठेवायची, त्याचा बंदोबस्त करा ना! आम्हालाच चित्रातून काढून टाकलंत. हात लावणारा तर तसाच राहिला."

"मुफ्लिह, पोरीला फार शिकवलंस तू," अबू राकान म्हणाला आणि चहाचा ग्लास संपवून उठला.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अंगणात द्राक्षवेलीखाली पांढऱ्या खुर्च्या लागल्या. रसमियाने वेलदोडे घालून कडू कॉफी उकळली. साखरेचा कणही घालायचा नसतो. बाहेर गाड्या थांबल्या, दारे वाजली, आणि पायघोळ अबा घातलेली, चौकटीचे रुमाल बांधलेली माणसे एकामागून एक आत आली. हाजी शुक्री त्यांच्या मधोमध मान खाली घालून बसला. कुतैबा आला नव्हता. त्याला आणायची रीत नसते. रसमिया आणि तमादुर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकी अंगणात उघडत होती, पण या अशा बैठकीत खिडकीला कान असतात, तोंड नसते.

अबू राकानच्या मुलाने सर्वांना कॉफी वाढली. म्होरके शेख वृद्ध होते. त्यांनी कप समोरच्या तिवईवर ठेवला आणि त्यांचे पाहून सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. रीतच आहे तशी. मागणे मांडायचे, आणि यजमान 'कॉफी घ्या' म्हणाला की मागणे मान्य झाले. तोवर कपाला ओठ लावायचा नाही. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याचा हात सवयीने कपाकडे गेला, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाने त्याचे मनगट धरले.

"अबू यझन, अबू राकान," शेख म्हणाले, "तुमचं घर अब्रूदार, हाजींचं घर अब्रूदार. तुमची लेक ती आमची लेक. कुतैबा पोरसवदा आहे, वागायला मोकळा. गर्दीत गाडी हलते, धक्का लागतो, गैरसमज होतो. सरकारनं चित्रण तपासलं, त्यात काही नाही. देवानं जे झाकलं, ते आपण माणसांनी कशाला उघडं करायचं? तक्रार मागे घ्यावी, मनं साफ व्हावीत, एवढंच मागायला आम्ही आलोय."

खिडकीत रसमियाच्या हाताची मूठ वळली. देवाने कुठे झाकले? माझ्या नवऱ्याने झाकले, दोन बोटांनी!

"तुम्ही आलात यातच सगळं आलं," अबू राकान म्हणाला. "आमच्या बाजूनं तंटा संपला. बोल, अबू यझन."

मुफ्लिहला दोनच शब्द उच्चारायचे होते. सगळ्या नजरा त्याच्याकडे लागल्या. त्याने कपांकडे पाहिले, मग हाजी शुक्रीकडे पाहिले. हाजीने किंचित मान हलवली. कॅमेरा वाकवायचे ठरले तेव्हाही त्याने अशीच मान हलवली होती. मुफ्लिहचे ओठ हलले.

"गार होऊ द्या ती कॉफी!"

आवाज खिडकीतून आला होता.

"बाई, खिडकी लाव," अबू राकान दबक्या आवाजात ओरडला.

रसमियाने खिडकी आणखी उघडली. "अबू यझन, तुम्ही सांगता का मी सांगू?"

मुफ्लिह हळूच उभा राहिला.

"शेख, चित्रणात काही नाही, हे खरंय. का नाही ते कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो. कॅमेरा मी बसवला आणि मीच वाकवला. हाजींना बायकांची बाकं दिसायला नको होती, तोड मी काढली. पण त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळा होत नाही. मलाही ते सोयीचं वाटलं. काम मिळालं, सगळे खूश झाले. चौकीत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि ते माझ्या पोरीच्या समोर."

"मुफ्लिह!" अबू राकान उठला.

"बोलू दे दादा. मी जन्मभर तुला बोलू दिलं." मुफ्लिह शेखांकडे वळला. "शेख, तुम्ही माझ्याकडे माफी मागायला आलात. पण हात माझ्या अंगाला लागला नव्हता. माझ्याकडे ती माफी नाहीच, तर मी देऊ कुठून? जिच्याकडे आहे तिला विचारा."

मग तमादुर दारात आली. तिने पांढरे कापडी बूट घातले होते, एकाची लेस निळी.

"तक्रार राहील," ती म्हणाली. "आणि मी रविवारी कॉलेजला जाणार आहे, त्याच गाडीनं." तिला आणखी पुष्कळ बोलायचे होते, दोन दिवस तिने मनात जुळवाजुळव केली होती, पण ऐन वेळी एवढेच आले.

शेखांनी भरलेला कप हाताने दूर सारला. मग ते काठी टेकत उठले. "मुफ्लिह, चाळीस वर्षं मी माणसं जोडत फिरतो. कुठल्याही दारात माझा कप भरलेला राहिला नव्हता. गाव हे विसरणार नाही."

"नकोच विसरायला," मुफ्लिह म्हणाला.

माणसे आली तशी गेली. अबू राकान भावाला सलाम न करता गेला. मुलालाही हाताला धरून घेऊन गेला. मागे राहिल्या रिकाम्या खुर्च्या आणि भरलेले कप. रसमिया कप गोळा करायला लागली आणि मध्येच तिला रडू फुटले. दुःखाचे नव्हते ते, संतापाचे होते.

"एवढं साधं होतं! एवढंसं बोलायला आख्खं गाव गोळा व्हावं लागलं! त्या दिवशी चहा पितानाच मी तुमचा हात धरला असता तर..."

मुफ्लिहने तिच्या हातातली परात घेतली. गार कॉफी त्याने वेलीच्या मुळाशी ओतली. तमादुर पाहत होती. "यबा, वेल जळेल त्यानं," ती म्हणाली. चौकीतून परतल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

शनिवारी मुफ्लिहने चौकीत जाऊन खरे काय ते लिहून दिले. अधिकाऱ्याने त्याचा परवाना तिथेच काढून घेतला, आणि वर म्हणाला, "तुमच्या सांगण्यानं कॅमेऱ्याचं कोडं सुटलं. मुलीच्या तक्रारीला साक्षीदार मात्र अजून नाही." झाले! खोटे बोलून पोरीचे नुकसान केले होते, आणि खरे बोलून तिच्या पदरात काही पडले नव्हते. रसमियाने कपाळावर हात मारला.

रविवारी सकाळी ती दोघेही तमादुरबरोबर गाडीतळावर गेली. कुतैबा गाडीवर नव्हता. कफर रीहाची कोस्टर अर्धी भरली होती. मुफ्लिह पाना घेऊन चढला.

"अबू यझन, हाजींना विचारलंत का?" ड्रायव्हर ओरडला. "तुमचा परवाना गेला म्हणतात!"

"गेला. म्हणून तर आज फुकटात करतोय. बिघडवलं मी, नीट करून देतो, मग खुशाल पोलिसांना बोलाव."

"पण विचारायला नको कुणाला?"

"वाकवताना या बायकांना विचारलं होतं का कुणी?" रसमिया पायरीवरून म्हणाली. ड्रायव्हरने तोंड फिरवले.

मुफ्लिहने पेच सैल केला, कॅमेरा दोन बोटे वर उचलला आणि पेच आवळला. ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर बुटांची रांग खाली गेली आणि बाके वर आली. बाकांवर बायका होत्या. पडद्यावर आपणच आहोत, हे कळताच एकीने पदरासारखा हिजाब पुढे ओढला, दुसरीने पिशवी तोंडापुढे धरली. रसमियाला त्यांचाही राग आला आणि लगेच स्वतःचा आला, कारण तिचाही हात गळ्याशी गेला होता.

तिसऱ्या बाकावरच्या बाईने मात्र चेहरा झाकला नाही. तिच्या खांद्यावर जांभळी शाल होती. ती पुढे वाकून पडद्याकडे बघू लागली.

"मी दिसतेय का त्यात?" तिने विचारले.

"दिसताय," मुफ्लिह म्हणाला.

"मग मी येते चौकीत. त्या दिवशी या पोरीशेजारी मीच होते. सगळं पाहिलंय मी."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" रसमियाचा आवाज नको तितका चढला. तमादुरने आईचा दंड धरला.

बाईने मान खाली घातली. "त्याच गाडीनं मला रोज जायचं असतं, बाई. माझ्या अंगाला हात लागला होता तेव्हा मीच बोलले नव्हते, तर हिच्यासाठी कुठून बोलणार होते?"

रसमियाने लेकीला पुढे सारले. तमादुर त्या बाईशेजारी जाऊन बसली. चौकीपाशी उतरायचे, असे दोघींनी ड्रायव्हरला आधीच बजावले. मुफ्लिह उतरला आणि गाडी निघाली.

तळावर पुढची कोस्टर लागली. काचेतून रसमियाला तिच्यातला कॅमेरा दिसला. जमिनीकडे बघत असलेला. तिच्यामागे आणखी एक उभी होती, तिच्यामागे आणखी. नवऱ्याने एकेक करून स्वतःच्या हाताने वाकवलेले सगळे कॅमेरे अजून बूट मोजत बसले होते.

"चला, पुढची," ती म्हणाली.

ड्रायव्हरने त्यांना येताना पाहिले आणि आतून दार लावून घेतले. रसमियाने काचेवर थाप मारली. दार उघडेना. आत खिडकीशी एक शाळकरी मुलगी दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि तिच्याकडे बघत होती. रसमियाने पुन्हा थाप मारली, या वेळी जोरात.